मोठ्या आतड्याचा मेरिडियन आणि घरच्या घरी अ‍ॅक्युप्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“रोज हात दाबतो, तरी पोट साफ होत नाही.” या मेरिडियनबद्दल येणाऱ्या प्रश्नांत ही तक्रार सगळ्यांत वरच्या क्रमांकावर आहे. नावात आतडं आहे म्हणून लोक त्याच्याकडून आतड्याचीच कामं मागतात. पण हा मार्ग मुळात चेहरा, दात, नाक आणि हात यांचा आहे. पोटासाठी खुद्द चिनी परंपराच दुसरीकडे बोट दाखवते (प्रश्न 9). खाली आधी प्राथमिक प्रश्न आहेत, मग तक्रारींचे आणि शेवटी अपवादांचे. तुम्ही गरोदर असाल, डायलिसिसवर असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर काहीही दाबण्याआधी प्रश्न 19 ते 21 वाचा.

1. मोठ्या आतड्याचा मेरिडियन म्हणजे काय?

शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी फिरते, अशी पारंपरिक चिनी वैद्यकाची मांडणी आहे. त्या मार्गांना मेरिडियन म्हणतात. मुख्य मेरिडियन 12 आहेत आणि प्रत्येकाला एकेका अवयवाचं नाव आहे. मोठ्या आतड्याचा मेरिडियन हातावरून चेहऱ्याकडे जातो. त्यावर 20 बिंदू आहेत. ते डाव्या-उजव्या अंगावर सारखेच असल्यामुळे प्रत्यक्षात 40 होतात. तक्त्यांवर त्यांना एलआय 1 ते एलआय 20 असे क्रमांक असतात (एलआय म्हणजे ‘लार्ज इंटेस्टाइन’, मोठं आतडं). पंचतत्त्वांत हा मेरिडियन धातू तत्त्वात मोडतो आणि त्याची जोडी फुप्फुसाच्या मेरिडियनशी लावतात.

2. तो कुठून निघतो आणि कुठे संपतो?

तर्जनीच्या नखाच्या अंगठ्याकडच्या कोपऱ्याशी सुरू होतो. तर्जनीच्या त्याच कडेने अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागावर येतो. तिथून मनगटावरच्या खळग्यात जातो. अंगठा ताणून वर उचलला की दोन कंडरांच्या (स्नायूंच्या ताठ दोऱ्यांच्या) मध्ये जो खड्डा पडतो तो हा, एलआय 5. पुढे हाताच्या अंगठ्याकडच्या बाजूने कोपराच्या घडीचं बाहेरचं टोक, दंडाची बाहेरची बाजू, खांद्याचं टोक, मान, गाल, खालचे दात असा प्रवास होतो. वरच्या ओठावर डावा आणि उजवा मार्ग एकमेकांना ओलांडतात आणि नाकपुडीच्या शेजारी, विरुद्ध बाजूला संपतात. खांद्यापासून एक आतली शाखा फुप्फुसातून खाली मोठ्या आतड्यापर्यंत जाते, असंही ग्रंथांत आहे. पण त्या शाखेवर दाबायला एकही बिंदू नाही.

3. मेरिडियन म्हणजे नस का? शवविच्छेदनात दिसतो का?

दिसत नाही. मेरिडियन ही नसही नाही, शीरही नाही. बिंदूखालच्या गोष्टी मात्र खऱ्या असतात. एलआय 4 खाली (अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू, प्रश्न 6) स्नायू आहे, संवेदना वाहणारे चेतातंतू आहेत आणि जवळून रक्तवाहिनी जाते. दाबल्यावर जी कळ उठते ती यांच्यामुळे. दाबाचा फायदा मिळवायला ‘ची’वर विश्वास ठेवणं सक्तीचं नाही. मी स्वतः हा मार्ग बिंदू लक्षात ठेवायची एक जुनी, बऱ्यापैकी सोयीची पद्धत म्हणून वापरतो.

4. आतड्याचा मेरिडियन हातावर आणि तोंडावर कसा काय?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर इतिहासात आहे. 1973 मध्ये चीनच्या चांगशा शहरातल्या मावांगदुई इथल्या एका थडग्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखितं सापडली. ते थडगं इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालेलं होतं. त्या लिखाणात मार्ग 12 नसून 11 आहेत. त्यांतल्या एका लेखात आपल्या या मार्गाचं नाव चक्क ‘दाताची वाहिनी’ आहे. हातातून निघून गालावर, दातांत आणि नाकाशेजारी जाणारी ही वाहिनी बिघडली की दात दुखतात आणि गाल सुजतो, असं तिथे म्हटलं आहे. आतड्याचा उल्लेखच नाही.

अवयवांची नावं पुढे ‘ह्वांगदी नेइजिंग’ या मूळ ग्रंथाच्या ‘लिंगशू’ भागात पक्की झाली. तिथेही या मेरिडियनच्या तक्रारींची यादी वाचण्यासारखी आहे: दातदुखी, मानेची सूज, कोरडं तोंड, वाहणारं नाक, नाकातून रक्त, घसा धरणं, खांद्याच्या पुढच्या भागात आणि दंडात दुखणं, तर्जनी कामातून जाणं. बद्धकोष्ठता त्या यादीत नाही. अवयवाचं नाव नंतर चिकटलं आणि आजच्या तक्त्यांनी ते इतकं ठळक छापलं की लोक त्या नावावरूनच इलाज ठरवू लागले.

5. “कोपरापासून दोन त्सुन खाली” असं लिहिलेलं असतं. त्सुन किती सेंटिमीटर?

ठरावीक सेंटिमीटर नाहीत. हे माप ज्याच्या त्याच्या शरीराचं असतं. अंगठ्याच्या पेराच्या सांध्याची रुंदी म्हणजे 1 त्सुन. अंगठा सोडून उरलेली चार बोटं जुळवून मधल्या सांध्यांच्या रेषेत मोजलेली रुंदी म्हणजे 3 त्सुन. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत 12 त्सुन धरतात. दुसऱ्याला दाबत असाल तर माप त्याच्या बोटांचं घ्या, तुमच्या नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही चूक हमखास होते.

6. एलआय 4 नेमका कुठे आहे? मला प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी सापडतो.

याला ‘हेगू’ म्हणतात. अंगठा तर्जनीला चिकटवा. हाताच्या पाठीवर, दोन्हींच्या मध्ये स्नायूचा उंचवटा येतो. त्याचा सर्वांत उंच भाग साधारण बिंदूवर असतो. आता अंगठा सैल सोडा. दुसऱ्या हाताचा अंगठा त्या जागी ठेवा आणि त्याच हाताची तर्जनी खालून तळव्याच्या बाजूला लावा.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. घोळ पुढे होतो. लोक दोन बोटांमधली पातळ कातडी चिमटीत धरून दाबत बसतात. बिंदू त्या कातडीत नाही. तो तर्जनीच्या मागच्या लांब हाडाच्या कडेला, त्या हाडाच्या साधारण मध्यावर आहे. म्हणून दाब सरळ खाली न देता किंचित तिरका, तर्जनीच्या हाडाकडे द्यायचा. अंगठा दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवून पाहा. एका जागी बोथट, जड, थोडी पसरणारी कळ येते, कधी ती तर्जनीकडे सरकते. तीच जागा. टोचल्यासारखं किंवा झिणझिण्यांसारखं वाटलं तर तुम्ही चेतातंतूवर आहात, जरा बाजूला व्हा.

7. किती जोरात आणि किती वेळ दाबायचं?

“दुखतंय, पण बोलता येतंय” इतपत जोर पुरे. चेहरा आक्रसला, श्वास रोखला गेला की दाब जास्त झाला असं समजा. अंगठ्याच्या पेराच्या गादीने दाबा, नखाने नाही. हळूहळू दाब वाढवा, अर्धा ते एक मिनिट धरा, हळूहळू सोडा. दोन-तीन वेळा केलं की झालं. दिवसातून दोन-तीनदा चालेल. दहा-दहा मिनिटं रगडून फायदा दुप्पट होत नाही, डाग मात्र पडतो (प्रश्न 22). घड्याळाच्या दिशेने फिरवायचं की उलट, यावर लोक तावातावाने वाद घालतात. मोठ्या माणसांच्या साध्या दाबात मी त्याकडे लक्ष देत नाही. लहान मुलांत दिशेला परंपरेने महत्त्व आहे, ते प्रश्न 23 मध्ये.

8. दोन्ही हात दाबायचे की एकच?

वेळ असेल तर दोन्ही. दुखणं एका बाजूचं असेल तर काही जण विरुद्ध हात आधी घेतात, कारण मार्ग वरच्या ओठावर बाजू बदलतो. मात्र प्रश्न 12 मधल्या प्रयोगात दुखऱ्या बाजूचाच हात वापरला होता. थोडक्यात, नियम कडक नाही.

9. बद्धकोष्ठतेसाठी या मेरिडियनवरचा कोणता बिंदू दाबू?

तक्त्यांवर एलआय 4 आणि कोपराजवळचा एलआय 11 (प्रश्न 15) लिहिलेले असतात आणि दाबायला हरकत नाही. पण फक्त त्यांच्यावर विसंबू नका. अभिजात चिनी वैद्यकात मोठ्या आतड्यासाठी खास नेमलेले बिंदू हातावर नाहीत. एक आहे पोटावर: ‘थ्यानशू’, बेंबीच्या दोन्ही बाजूंना 2 त्सुनवर. दुसरा पायावर: ‘शांगज्यूश्यू’. गुडघा वाकवल्यावर वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला जो खळगा येतो, तिथून चार बोटं खाली या, पुन्हा चार बोटं खाली या आणि नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर सरका. गंमत म्हणजे हे दोन्ही बिंदू जठराच्या मेरिडियनवर आहेत.

2016 मध्ये चीनमधल्या 15 रुग्णालयांत तीव्र, जुनाट बद्धकोष्ठतेच्या 1,075 रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडून 8 आठवड्यांत 28 वेळा उपचार केले. आठवड्याला सरासरी तीन किंवा जास्त वेळा आपोआप आणि पूर्ण शौचाला होणाऱ्यांचं प्रमाण खऱ्या उपचाराच्या गटात सुमारे 31 टक्के होतं, नकली उपचाराच्या गटात सुमारे 12 टक्के. निवडलेले बिंदू होते थ्यानशू, शांगज्यूश्यू आणि पोटावरचा आणखी एक. हातावरचा एकही नाही. अर्थात तो वीज जोडलेल्या सुयांचा परिणाम होता. अंगठ्याने दाबून तेवढाच मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

घरी करायचं तर असं करा. पोट रिकामं असताना उताणं झोपा, गुडघे वाकवा. दोन्ही थ्यानशूवर तीन-तीन बोटं ठेवून श्वास सोडताना हलका दाब द्या, घेताना सैल सोडा. मग तळव्याने पोट चोळा: उजव्या खालच्या बाजूने वर, बरगड्यांखालून आडवं, डावीकडून खाली. मोठं आतडं याच क्रमाने वळलेलं आहे. नंतर पायावरचा बिंदू मिनिटभर. याच्या जोडीला पाणी, तंतुमय आहार, चालणं हवंच. शौचाला बसताना पायांखाली छोटं स्टूल घेतलं तर पुष्कळांना जोर कमी करावा लागतो. आणि कळ आली की ती दाबून ठेवायची नाही. ही सवय सोडली तर निम्मे बिंदू शोधायची वेळच येणार नाही, असं माझं मत आहे.

पोटावर नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया असेल किंवा पोट दुखण्याचं कारण माहीत नसेल, तर पोट दाबू नका. बाकी धोक्याच्या खुणा प्रश्न 26 मध्ये.

10. जुलाब होत असतील तर तेच बिंदू चालतात का?

परंपरेप्रमाणे हो, थ्यानशू आणि शांगज्यूश्यू दोन्हीकडे वापरतात. पण जुलाबात पहिलं काम म्हणजे मीठ-साखरेचं योग्य द्रावण घोट-घोट घेत राहणं. बिंदू नंतर.

11. या मेरिडियनची वेळ पहाटे 5 ते 7 आहे म्हणतात. तेव्हाच दाबायला हवं का?

चिनी वैद्यकाच्या घड्याळात प्रत्येक मेरिडियनला दोन तास दिलेले आहेत: 3 ते 5 फुप्फुस, 5 ते 7 मोठं आतडं, 7 ते 9 जठर. सकाळी मोठं आतडं जागं होतं हे शरीरशास्त्रालाही मान्य आहे. उठल्यावर त्याची हालचाल वाढते आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर आणखी वाढते. म्हणून सकाळी ठरलेल्या वेळी शांतपणे बसायची सवय चांगलीच. पण बिंदू दाबण्यासाठी गजर लावून झोप मोडू नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी हे घड्याळ खुशाल विसरावं. त्यांची सकाळ ते उठतील तेव्हा.

12. दातदुखीवर एलआय 4 खरंच चालतो का?

तात्पुरता आराम मिळू शकतो, आणि या मेरिडियनचं हे सर्वांत जुनं काम आहे (प्रश्न 4). परंपरेत आणखी एक बारकावा आहे: मोठ्या आतड्याचा मार्ग खालच्या दातांत शिरतो, जठराचा वरच्या. त्यामुळे वरची दाढ दुखत असेल तर वैद्य पायावरचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांच्या बेचक्यातला बिंदूही जोडतात.

1980 मध्ये वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दात दुखणाऱ्या रुग्णांच्या त्याच बाजूच्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागात बर्फ चोळला. बहुतेकांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. हेच मेलझॅक 1965 मध्ये पॅट्रिक वॉल यांच्यासोबत वेदनेचा ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडणारे. एका जागची तीव्र संवेदना मज्जारज्जूत दुसऱ्या वेदनेची वाट अडवू शकते, असं त्याचं सूत्र. दंतवैद्याकडे जायला सकाळ होईपर्यंत थांबायचं असेल तर पातळ कापडात बर्फ गुंडाळून त्या भागावर चार-पाच मिनिटं फिरवत राहा. हात बधिर झाला की थांबा. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल किंवा थंडीने बोटं पांढरी पडत असतील तर बर्फ वापरू नका.

दुखणं थांबलं म्हणून कीड थांबत नाही. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास होऊ लागला तर थेट दवाखाना गाठा.

13. डोकेदुखी आणि मायग्रेनसाठी?

एलआय 4 वर डोकेदुखीसाठी पुष्कळ लहान अभ्यास झाले आहेत. कल बरा दिसतो, दर्जा फारसा नाही. खरं दाबणं आणि खोटं दाबणं हा फरक रुग्णापासून लपवणं अवघड असतं, हे त्यामागचं एक कारण. कपाळ आणि जबडा आवळल्यासारखी डोकेदुखी असेल तर करून बघायला काही जात नाही. मायग्रेनची ठरलेली औषधं मात्र बंद करू नका. अचानक, क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी हा आणीबाणीचा प्रसंग आहे. तिथे बिंदू शोधण्यात वेळ घालवू नका.

14. नाक चोंदलं की काय दाबायचं?

एलआय 20, ‘यिंगशियांग’: नाकपुडीच्या रुंद भागाच्या शेजारी, नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीत. दोन्ही तर्जन्या ठेवून हलका दाब द्या, मिनिटभर बारीक गोल फिरवा. नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, तेही सर्वांना नाही. हात आधी धुवा. आणि तिथे पुटकुळी किंवा गळू असेल तर अजिबात दाबू नका. नाकाच्या आसपासचा संसर्ग आत पसरणं महागात पडतं.

15. दिवसभर संगणकावर काम करून कोपराखालचा भाग दुखतो. यात काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते रोजच्या वापरात हा मेरिडियन सर्वांत जास्त इथेच कामी येतो. कोपर काटकोनात वाकवा. घडीच्या बाहेरच्या टोकाशी एलआय 11, ‘छ्यूची’. तिथून मनगटाच्या दिशेने दोन अंगठे खाली एलआय 10, ‘शोउसानली’. इथे मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंचा जाड भाग आहे. हात मेजावर टेकवा, अंगठ्याने एलआय 10 दाबून धरा आणि त्याच हाताचं मनगट सावकाश वर-खाली हलवा. दाबाखाली स्नायू सरकताना जाणवेल. आठ-दहा वेळा पुरे.

टेनिस एल्बोत दुखणं बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावरच असतं. त्या हाडावर थेट रगडू नका, खालच्या स्नायूवर काम करा. खांद्यासाठी एलआय 15: हात आडवा वर उचलला की खांद्याच्या टोकाशी दोन खळगे पडतात, त्यांतला पुढचा. खांदा आखडला असेल तर दाबाने जरा सैल वाटेल, पण व्यायामाशिवाय तो सुटत नाही.

16. चीनमध्ये एका अमेरिकन पत्रकाराची शस्त्रक्रिया भूल न देता फक्त सुयांवर केली होती ना?

नाही. ही गोष्ट सांगता सांगता फुगली आहे. 1971 च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढलं, तेही नेहमीची भुलीची इंजेक्शनं देऊन. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा उजव्या कोपराच्या बाहेरच्या भागात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या. कोपराचा हा भाग याच मेरिडियनचा, आणि गुडघ्याखालचा जठराच्या मेरिडियनचा. हे दोन्ही भाग प्रश्न 9 मध्येही आले आहेत. तासाभरात आराम पडला असं रेस्टन यांनी लिहिलं. सोबत वनौषधीचा शेकही दिला होता, आणि शस्त्रक्रियेनंतरचा वायू आपसूकही सुटतो. तेव्हा एका माणसाच्या अनुभवावरून फार ताणू नये.

17. मनात साठलेलं ‘सोडून देण्यासाठी’ हा मेरिडियन दाबतात, हे कितपत खरं?

जुन्या ग्रंथांत शोक फुप्फुसाशी जोडलेला आहे, आणि मोठं आतडं त्याचं जोडीदार. बाकीचा डोलारा त्या एका जोडणीवर उभा आहे. शांत बसून श्वासाकडे लक्ष देत हात दाबल्यावर बरं वाटू शकतं, तेवढं पुरे. नैराश्यावर हा उपचार नाही.

18. वेगवेगळ्या तक्त्यांवर एकच बिंदू वेगळ्या जागी का असतो?

कारण तज्ज्ञांचंही सगळ्यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने 2008 मध्ये 361 बिंदूंच्या प्रमाण जागा प्रसिद्ध केल्या. तरी सहा बिंदूंवर एकाहून अधिक मतं शिल्लक राहिली, त्यांत याच मेरिडियनचे शेवटचे दोन, एलआय 19 आणि 20, आहेत. बोटाच्या दाबाला काही मिलिमीटरने फरक पडत नाही. तुमच्या अंगठ्याचं पेरच त्याहून रुंद आहे.

19. मी गरोदर आहे. एलआय 4 दाबला तर गर्भपात होतो का?

परंपरेत हा बिंदू गरोदरपणात वर्ज्य आहे. यामागे पाचव्या शतकातल्या एका वैद्याची कथा सांगतात: त्याने हाताच्या आणि पायाच्या मार्गांवर सुया लावून गर्भ पाडला. आजचा पुरावा तितका नाट्यमय नाही. प्रसूतीच्या कळा सुरू करण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर आणि अ‍ॅक्युप्रेशर वापरून पाहिलेल्या चाचण्यांचा 2017 मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा घेतला, तेव्हा सिझेरियन टळतं असं स्पष्ट दिसलं नाही. दिवस भरलेले असतानाही दाबून कळा खात्रीने आणता येत नसतील, तर चुकून एकदा दाबला गेला म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

तरीही दिवस भरेपर्यंत मुद्दाम दाबू नका. डोकेदुखीला दुसरे उपाय आहेत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात नवी, जोराची डोकेदुखी रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते, ती लगेच दाखवा. प्रसूतीच्या वेळी कळांच्या वेदना कमी करायला हा बिंदू वापरायचा असेल तर डॉक्टर किंवा सुईणीला सांगून वापरा.

20. मानेवरचे एलआय 17 आणि 18 दाबू का?

नको. एलआय 18 कंठाच्या उंचवट्याच्या पातळीत, मानेच्या बाजूच्या स्नायूवर आहे. जवळूनच मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जाते. तिथे जोराने दाबलं तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते, वयस्कर माणसांत धोका आणखी मोठा. दोन्ही बाजू एकदम तर कधीच नाही. घशासाठी एलआय 4 आणि 11 वरच समाधान माना.

21. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायलिसिस, स्तनाची शस्त्रक्रिया: यांत काय टाळायचं?

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हलका दाब चालतो, जोराचा नाही. लाकडी काड्या, दातेरी रोलर टाळा. डायलिसिससाठी हातात फिस्तुला केलेला असेल तर त्या संपूर्ण हातावर दाब, पट्टा, बर्फ काहीही नको. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा हात सुजत असेल, तर त्या बाजूचा हात सोडा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. या सगळ्यांत पायावरचे बिंदू सहसा मोकळे असतात. पण पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल तर तेही नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते.

22. दाबल्यावर निळा डाग पडला, बोट बधिर झालं. काही बिघडलं का?

डाग सहसा एक-दोन आठवड्यांत जातो. तोवर ती जागा सोडा आणि पुढच्या वेळी जोर कमी करा. अंगठ्याच्या मागे किंवा तर्जनीच्या पाठीवर बधिरपणा राहिला तर वरवरचा चेतातंतू चेपला गेला आहे. दाबणं थांबवल्यावर तो सहसा सावरतो. बरेच दिवस टिकला किंवा पकड कमजोर झाली तर दाखवा. बरेच जण दाबणाऱ्या अंगठ्याची तक्रार घेऊनच येतात. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलेला असेल तर अंगठ्याऐवजी वाकवलेल्या बोटाचं पेर किंवा पेन्सिलीच्या मागचं रबर वापरा.

23. बाळाचं पोट साफ होत नाही. त्याचा हात दाबू का?

दाबू नका, चोळा. चिनी बालमालिशीत, साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत, तर्जनीची अंगठ्याकडची संपूर्ण कड हीच ‘मोठ्या आतड्याची रेघ’ असते. बद्धकोष्ठतेत ती अंगठ्याच्या बेचक्याकडून बोटाच्या टोकाकडे चोळतात, जुलाबात टोकाकडून बेचक्याकडे. थोडी पावडर किंवा तेल लावून, हलक्या हाताने. मूल हात ओढून घेत असेल तर तिथेच थांबा. जन्मापासूनच शौचाचा त्रास, फुगलेलं पोट, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा लघवी कमी होणं, यांतलं काहीही असेल तर मालिश बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

24. एलआय 4 वर लावायच्या क्लिपा आणि विजेची छोटी यंत्रं मिळतात. घ्यावीत का?

क्लिपेने काम हात मोकळा ठेवून होतं, इतकाच तिचा फायदा. दहा-पंधरा मिनिटांपलीकडे ठेवू नका आणि झोपताना काढा. पेसमेकर असेल तर विजेचं यंत्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका. अपस्मार किंवा गरोदरपण असेल तरी तेच. आणि ते मानेच्या पुढच्या भागावर कुणीच लावू नये.

25. ताप उतरवायला एलआय 1 वर टोचून रक्ताचा थेंब काढतात. घरी करू का?

नको. जुन्या पद्धतीत हे आहे, पण घरच्या सुईने जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तापाचं कारण तसंच राहतं. एलआय 1 दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबा, हवं तर.

26. डॉक्टरकडे कधी जायचंच?

शौचात रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं. कारण नसताना वजन घटणं. शौचाची सवय बदलून काही आठवडे उलटले, विशेषतः पन्नाशीनंतर. रक्त कमी झाल्यामुळे थकवा. मूळव्याध असेल असं धरून रक्ताकडे वर्षानुवर्षं काणाडोळा करणारे पुष्कळ भेटतात. ती मूळव्याधच आहे हे एकदा तपासून घ्या. पोट फुगून कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि वायूसुद्धा सरत नाही, अशी स्थिती असेल तर आतड्याला अडथळा असू शकतो. तेव्हा पोट चोळायचं नाही, जुलाबाचं औषध घ्यायचं नाही, लगेच रुग्णालयात जायचं.

27. एक हात प्लास्टरमध्ये आहे. दुसऱ्या हाताचे बिंदू दाबणार कोण?

मोकळा हात मेजाच्या कडेला न्या आणि एलआय 4 ची जागा गोलसर कडेवर टेकवून हाताचं वजन टाका. एलआय 10 साठी मेजावर टेनिसचा चेंडू ठेवा आणि हात त्यावर अंगठ्याच्या बाजूने टेकवून पुढे-मागे करा. प्लास्टरमधली बोटं सुजली, निळी पडली किंवा बधिर झाली तर कुठलाही बिंदू न दाबता प्लास्टर दाखवून या, त्याच दिवशी.